ग्रंथालयाचें वाचकपत्रक आणि संस्थेची मूळ नोंदवही

ज्या संस्थेंत शेंकडों माणसें शिकतात वा काम करतात, तिच्या कचेरींत त्या सर्वांची एक नोंदवही असते आणि ग्रंथालयांत वाचकांची दुसरी असते. माणसें तींच, पण वह्या दोन. आतां या दोन्ही वह्या संगणकांत गेल्या आहेत आणि त्या एकमेकींस जोडाव्या कीं नाहीं, जोडल्यास कोणत्या रीतीनें, हा प्रश्न ग्रंथपालांपुढें उभा राहिला आहे. हा केवळ यंत्रज्ञांचा प्रश्न होय अशी समजूत दिसते. ती बरोबर नाहीं. वाचक कोणास म्हणावें, त्याची ओळख कशावरून पटवावी, आणि एकाच नोंदीच्या दोन प्रतींत भेद पडल्यास प्रमाण कोणती मानावी, हे यांतील मुख्य मुद्दे होत. आणि हस्तलिखितांचा व्यासंग करणाऱ्यांस हे तिन्ही नित्याच्या परिचयाचे आहेत. म्हणून हा विषय येथें मांडीत आहें.

वऱ्हाडांतील प्रसंग

वऱ्हाडांत या विचारास आज विशेष निमित्त आहे. अकोल्याचें कृषि विद्यापीठ १९६९ सालीं व अमरावतीचें विद्यापीठ १९८३ सालीं स्थापन झालें. दुसऱ्याच्या कक्षेंत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पांच जिल्हे येतात. डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं १९३२ त स्थापिलेल्या श्रीशिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांचीं महाविद्यालयें तर गांवोगांवीं पसरलेलीं आहेत. अशा ठिकाणीं संस्था एक, ग्रंथालयें अनेक, असा प्रकार असतो. यांत भर म्हणून म्हाइंभटांच्या लीळाचरित्राशीं ज्याचें नांव निगडित आहे त्या रिद्धपुरीं २०२४ त मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. जुन्या संस्थांस दोन वह्या जोडावयाच्या आहेत. नव्या संस्थेस त्या प्रथमपासूनच एका धोरणानें मांडतां येतील.

साधनें

ग्रंथालयाच्या व्यवस्थेचीं तीन सॉफ्टवेअरें आपल्या देशांत विशेष प्रचलित आहेत. पहिलें 'सोल', गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचें. दुसरें 'ई-ग्रंथालय', नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरचें. आणि तिसरें 'कोहा'. हें तिसरें न्यूझीलंडांतील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठीं १९९९ त रचलें गेलें व २००० च्या जानेवारींत वापरांत आलें. 'कोहा' हा माओरी भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ भेट किंवा दान असा आहे. आणि नांवाप्रमाणेंच तें सर्वांस विनामूल्य व मोकळें आहे. त्याची अंतर्रचना कोणासही पाहतां येते, म्हणून पुढील उदाहरणें त्यांतूनच घेतलीं आहेत.

संस्थेच्या मूळ नोंदवहीस यंत्रज्ञ 'डिरेक्टरी' म्हणतात. आपण निर्देशिका म्हणूं. तिला प्रश्न विचारण्याची सर्वमान्य रीत म्हणजे लाइटवेट डिरेक्टरी ॲक्सेस प्रोटोकॉल, संक्षेपानें 'एलडॅप'. १९८८ त प्रसिद्ध झालेल्या 'एक्स.५००' या अवजड संकेतास सुटसुटीत पर्याय म्हणून ती १९९३ त अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत तयार झाली. निर्देशिकेची मांडणी वंशवृक्षासारखी असते: मुळाशीं संस्था, तिच्या शाखा म्हणजे विभाग, आणि पानें म्हणजे व्यक्ति. मुळापासून पानापर्यंतचा मार्ग सांगितला कीं तेंच त्या व्यक्तीचें पूर्ण नांव होतें. एकाच नांवाचे दोन पुरुष वंशावळींत बापाच्या नांवानें निराळे ओळखावे, तशांतलाच हा प्रकार.

प्रत्यभिज्ञा आणि अधिकार

या विषयांत दोन कल्पनांची नेहमीं गल्लत होते. आपल्या शास्त्रांत त्या पूर्वींच वेगळ्या केलेल्या आहेत. पूर्वीं पाहिलेला देवदत्त तोच हा, असें ज्ञान म्हणजे प्रत्यभिज्ञा. आणि अमुक कर्म करण्यास देवदत्त पात्र आहे, हा अधिकार. निर्देशिका प्रत्यभिज्ञा करून देते. किती ग्रंथ, किती दिवस, कोणत्या शाखेंतून द्यावे, हा अधिकार ठरविणें ग्रंथालयाचें काम. पहिल्यावरून दुसरें आपोआप सिद्ध होत नाहीं.

प्रत्यभिज्ञेच्या दोन रीति आहेत. एका रीतींत वाचक आपलें नांव व परवलीचा शब्द ग्रंथालयाच्या पानावर देतो. ग्रंथालय तो निर्देशिकेपुढें ठेवतें व होय कीं नाहीं एवढें उत्तर घेतें. परवलीचा शब्द ग्रंथालयांत साठवावा लागत नाहीं, पण त्याच्या हातून जातो खरा. म्हणून मधली वाट सांकेतिक आवरणानें झांकलेली असणें अगत्याचें आहे. दुसऱ्या रीतींत वाचकास थेट संस्थेच्या दारीं पाठवितात, आणि तेथून तो जणूं ओळखपत्र घेऊन परत येतो. परवलीचा शब्द ग्रंथालयास दिसतच नाहीं. या दुसऱ्या रीतीच्या एका प्रसिद्ध साधनाचें नांव 'शिबोलेथ' आहे. यहुदी धर्मग्रंथांत कथा आहे कीं यार्देन नदीच्या उतारावर शत्रुपक्षाचे लोक ओळखण्यासाठीं त्यांस हा शब्द उच्चारावयास लावीत; ज्यास 'श' म्हणतां येत नसे तो पकडला जाई. आपल्याकडील महानुभावांच्या सकळ लिपीचें कार्यही कांहींसें असेंच होतें: लिपि ज्यास येते तोच पोथीचा वाचक. कोहास या दोन्ही रीति मानवतात.

मातृका आणि प्रति

आतां जोडणीचा गाभा. ग्रंथालयास केवळ ओळख पुरत नाहीं. उसनवारीची नोंद ज्याच्या नांवें करावयाची त्याची नोंद स्वतःजवळ असावी लागते. म्हणजे निर्देशिका ही मातृका, आणि ग्रंथालयाची नोंद ही तीवरून उतरलेली प्रति. कोहाच्या एलडॅप जोडणींत याविषयीं दोन निर्णय करावे लागतात. पहिल्यास 'रेप्लिकेट' म्हणतात: हें चालू ठेविल्यास निर्देशिकेंत असलेला पण ग्रंथालयांत नसलेला मनुष्य प्रथम प्रवेश करतांच त्याची प्रति तयार होते. दुसरा 'अपडेट': हें चालू ठेविल्यास प्रत्येक प्रवेशाच्या वेळीं मातृकेंतील पाठ प्रतीवर पुन्हां उतरतो.

यांतून तीन परिणाम निघतात, आणि ते आधीं लक्षांत न घेतल्यास घोटाळा होतो. पहिला: जो विद्यार्थी कधीं संगणकावरून प्रवेशच करीत नाहीं, त्याची प्रति उत्पन्न होत नाहीं. तो ग्रंथ मागावयास खिडकीशीं आला असतां कचेरीच्या लेखीं तो आहे, ग्रंथालयाच्या लेखीं नाहीं. म्हणून वर्षारंभीं कचेरीची यादी एकदम आंत घेण्याची सोय वेगळी ठेवावी लागते. दुसरा: ग्रंथपालानें वाचकाचा पत्ता बदलून लिहिला आणि कचेरींत तो जुनाच राहिला, तर पुढील प्रवेशाच्या वेळीं जुना अपपाठ परत येतो. शुद्ध केलेल्या प्रतीवर अशुद्ध मातृका पुन्हां गिरवावी तसें हें होय. उपाय एकच: कोणतें सदर कचेरीचें व कोणतें ग्रंथालयाचें, हें प्रत्येक सदराबाबत आधीं लेखी ठरवावें आणि ग्रंथालयाचीं सदरें जोडणींतून वगळावीं. तिसरा: निर्देशिकेंतून नांव निघालें म्हणून ग्रंथालयांतील प्रति पुसली जात नाहीं. हें एका अर्थीं हितावह आहे, कारण ग्रंथ परत येईपर्यंत ती पुसली जाऊं नये. परंतु मुदत संपण्याची तारीख घातली नसेल, तर गेलेल्यांचीं नांवें वर्षानुवर्षें सांचत राहतात.

आणखी एक खळगा सांगितला पाहिजे. कोहांत प्रत्येक वाचकास वर्ग व शाखा असावीच लागते. निर्देशिकेंत तीं सदरें रिकामीं असल्यास जोडणी ठरीव मूल्य घालते. ठरीव वर्ग 'विद्यार्थी' असेल, तर प्राध्यापकही निमूटपणें विद्यार्थी होतो, व त्यास ग्रंथही त्याच मानानें मिळतात. तक्रार येईपर्यंत हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, कारण यंत्राच्या दृष्टीनें चूक अशी कांहींच झालेली नसते.

नामाचा प्रश्न

दोन वह्यांतील नोंद एकाच मनुष्याची हें कशावरून ठरवावयाचें? नांवावरून, असें उत्तर सहज सुचेल. पण ऑफ्रेख्ट यांच्या कॅटलॉगस कॅटलॉगोरम या १८९१ ते १९०३ या काळांत तीन भागांत निघालेल्या सूचीशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस समाननाम ग्रंथकारांची अडचण सांगावयास नको. नामान्तराचें उदाहरण अमरावतींतच आहे. १९२३ त निघालेलें किंग एडवर्ड कॉलेज पुढें विदर्भ महाविद्यालय झालें, व आज तें शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. संस्था तीच, यंत्रास मात्र तीन.

देवनागरींत तर याहूनही सूक्ष्म अडचण आहे. 'वऱ्हाड' या शब्दांतील अर्धा र संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो. एकींत 'ऱ' हें स्वतंत्र वर्णचिन्ह घेऊन त्यास हलन्ताचें चिन्ह देतात. दुसरींत साधा 'र', हलन्त व त्यापुढें एक अदृश्य सांधणारें चिन्ह, अशी योजना असते. कागदावर दोन्ही रूपें एकसारखीं दिसतात. यंत्र त्यांस भिन्न शब्द मानतें. कचेरीनें वऱ्हाडपांडे हें आडनांव एका रीतीनें व ग्रंथालयानें दुसऱ्या रीतीनें लिहिलें असेल, तर शोध निष्फळ होतो आणि एका मनुष्याच्या दोन नोंदी होतात. म्हणून जुळणी नांवावरून करूं नये. कायम क्रमांकावरून करावी. हा क्रमांक एकदां दिला कीं दुसऱ्यास केव्हांही देऊं नये, आणि विद्यार्थी पुढें त्याच संस्थेंत सेवक झाला तरी तो बदलूं नये.

यादीबाहेरचा अभ्यासक

येथवरचा विचार सोयीचा झाला. यापुढील न्यायाचा आहे. जोडणी पूर्ण झाली कीं 'ज्याचें नांव निर्देशिकेंत, तोच वाचक' असा नियम नकळत रूढ होतो. तो कोणी ठरवीत नाहीं. यंत्राच्या मांडणींतून तो उत्पन्न होतो. आपल्या क्षेत्रास तो घातक आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचें नांव कोणत्या विद्यापीठाच्या सेवकपटावर सांपडलें असतें? यवतमाळचा शारदाश्रमही विद्यापीठाबाहेरच उभा राहिला. आजही जुन्या कागदांचे जे संग्राहक व शोधक वऱ्हाडांत आहेत, त्यांत विद्यार्थी किंवा अध्यापक नसलेले पुष्कळ आहेत.

विद्युत्साहित्याच्या बाबतींत ही भिंत अधिक उंच झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून चालू झालेल्या केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेनें सरकारी शिक्षणसंस्थांस सुमारें १३,००० नियतकालिकें खुलीं केलीं. परंतु तीं वाचण्याचा अधिकार संस्थेच्या सदस्यत्वावरून मिळतो. तेथें ग्रंथपालाच्या हातीं फारसें नाहीं. स्वतःच्या कपाटांतील पोथ्या व ग्रंथ यांच्या बाबतींत मात्र सर्व कांहीं त्याच्याच हातीं आहे. एलडॅप जोडल्यावरही कोहांत स्थानिक वाचक ठेवितां येतात. त्यांची प्रत्यभिज्ञा ग्रंथालयाच्या स्वतःच्या यादीवरून होते. 'बाह्य अभ्यासक' असा एक वर्ग निर्माण करून त्यास वाचनाचा अधिकार द्यावा, आणि जोडणीच्या करारपत्रांतच तो वर्ग नमूद करावा. मागाहून सवड काढूं म्हटल्यास ती निघत नाहीं.

नोंदी किती दिवस ठेवाव्या

कोणी काय वाचलें ही खाजगी गोष्ट आहे. जोडणीमुळें ती वाचनाची नोंद कचेरीच्या नोंदीच्या इतकी जवळ येते कीं दोहोंमधील पडदा विचारपूर्वकच घालावा लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचें तत्त्व असें कीं प्रयोजन संपल्यावर वैयक्तिक माहिती ठेवूं नये. संशोधन, अभिलेख व सांख्यिकी यांसाठीं त्यांत नियमबद्ध सवलत आहे. कोहांत परत आलेल्या ग्रंथाच्या नोंदींतून वाचकाचें नांव काढून टाकतां येतें. ग्रंथ किती वेळां गेला हा आंकडा तेवढा राहतो. छापील ग्रंथांसाठीं हेंच योग्य.

हस्तलिखिताची गोष्ट निराळी. पोथी कोणी, केव्हां पाहिली, ही नोंद त्या पोथीच्याच इतिहासाचा भाग होय; पान गहाळ झालें असतां शोधाचा आरंभ तेथूनच होतो. म्हणून हस्तलिखित-दर्शनाची वही उसनवारीच्या यादींत मिसळूं नये. ती वेगळी, कायमची, आणि वाचकास तसें सांगून त्याच्या सहीनिशीं ठेवावी.

उपसंहार

तात्पर्य, जोडणी करावी. तीमुळें दुहेरी लेखन वांचतें आणि सोडून गेलेल्या मनुष्याकडे ग्रंथ राहिला असतां तो वेळींच लक्षांत येतो. परंतु त्यापूर्वीं चार गोष्टी लेखी ठरलेल्या असाव्या: कोणतें सदर कोणाचें, जुळणी कोणत्या कायम क्रमांकावरून, बाह्य अभ्यासकाचा वर्ग कोणता, आणि कोणती नोंद केव्हां पुसावयाची व कोणती कधींच नाहीं. रिद्धपुरास हें पहिल्या दिवसापासून करतां येण्यासारखें आहे. अमरावती व अकोला येथील संग्राहकांनींही आपापल्या ग्रंथपालांस हे चार प्रश्न विचारावे. विशेषतः तिसरा, कारण तो विचारणारा निर्देशिकेच्या आंत कोणीच नसतो.