टोपी नाही, तर मैदान नाही

मेलबर्न, जानेवारी

बॉक्सिंग डे कसोटीसाठी धाराशिवला पहाटे पाचला उठणाऱ्यांना ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या ओठांवर आणि नाकावर फासलेला पांढरा लेप चांगलाच ओळखीचा आहे. तो झिंक ऑक्साइडचा लेप. उन्हातली अतिनील किरणं तो कातडीपर्यंत पोचू देत नाही. त्या लेपामागे या देशानं चाळीसहून अधिक वर्षं नेटानं चालवलेलं एक मोठं सार्वजनिक काम आहे. या पत्रात ते सांगायचं आहे, कारण आणखी दोन-तीन महिन्यांत आपल्याकडे ऊन तापायला लागेल.

ऑस्ट्रेलियात दर तीन माणसांपैकी दोघांना आयुष्यात कधी ना कधी त्वचेच्या कर्करोगाचं निदान होतं. याचं मुख्य कारण इतिहासात आहे. या खंडात हजारो वर्षं राहिलेल्या मूळ रहिवाशांची कातडी सावळी, इथल्या उन्हाला सरावलेली. गेल्या अडीचशे वर्षांत इथं येऊन वसले ते मुख्यतः ब्रिटन आणि आयर्लंडच्या ढगाळ मुलखातले गोरे लोक. त्यांच्या कातडीत मेलॅनिन हे संरक्षक रंगद्रव्य फारच कमी. त्यात दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा काळ एकच, म्हणजे जानेवारीचा. हवाही स्वच्छ, धूळ-धूर कमी. त्यामुळे किरणं फारशी गाळली न जाता खाली येतात.

तरीही 1960-70 च्या दशकांत इथं उन्हात पडून कातडी तांबूस करून घेणं हे तारुण्याचं आणि तब्येतीचं लक्षण मानलं जाई. ही समजूत मोडण्यासाठी 1981 मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेनं दूरचित्रवाणीवर सिड नावाचा एक सीगल पक्षी नाचवला. त्याच्या गाण्याचा उपदेश तीन शब्दांचा होता: ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’. म्हणजे अंगात सदरा घाला, सनस्क्रीन लावा, डोक्यावर टोपी चढवा. आज पन्नाशीत असलेल्या माणसालाही ते गाणं पाठ असतं. 2007 मध्ये त्यात सावली शोधणं आणि गॉगल लावणं या दोन गोष्टींची भर पडली. दरम्यान 1988 मध्ये ‘सनस्मार्ट’ हा कायमचा कार्यक्रम उभा राहिला. त्याला पैसा देणारी राज्याची आरोग्यसंवर्धन संस्था 1987 च्या कायद्यानं तंबाखूवरच्या करातून निर्माण झाली होती. एका व्यसनावरचा कर दुसऱ्या आजाराच्या प्रतिबंधाला लावण्याची ही योजना आपल्या आमदार-खासदारांनी अभ्यासण्यासारखी आहे.

शाळेत हा विचार सगळ्यात स्पष्ट दिसतो. व्हिक्टोरियात ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत प्राथमिक शाळांत एक नियम चालतो: टोपी नाही, तर मैदान नाही. टोपी विसरलेल्या मुलाला सावलीतच खेळावं लागतं. क्रिकेटपटू घालतात ती पुढे चोच असलेली टोपी इथं चालत नाही, कारण तिच्यात कान आणि मान उघडी राहते. चहूबाजूंनी रुंद काठ असलेली किंवा मागे मानेवर कापडाचा पडदा सोडलेली टोपी लागते. मैदानावर कापडी छत ताणलेलं असतं आणि वर्गात सनस्क्रीनची मोठी बाटली असते.

कामाच्या ठिकाणी ही जबाबदारी मालकावर येते. रस्ता खोदणारा मजूर असो की छतावर चढलेला सुतार, त्याला उन्हाच्या किरणांपासून जपणं हा कामाच्या सुरक्षिततेचा भाग मानला जातो. म्हणून हे लोक भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे सदरे घालून दिसतात. उन्हात काम करावं लागणाऱ्याला टोपी, गॉगल आणि सनस्क्रीनचा खर्च आयकरात वजा करता येतो. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा, 15 आणि त्यावर असेल तर तिच्यावर इथं जीएसटी नाही. सनस्क्रीनवर देखरेख ठेवतं ते औषधांचं नियमन करणारं खातं. तरीही जून 2025 मध्ये ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेनं बाजारातली 20 सनस्क्रीन तपासून घेतली, तेव्हा 16 एसपीएफच्या दाव्याला उतरली नाहीत. देशभर गदारोळ झाला आणि काही उत्पादनं बाजारातून मागे घेतली गेली.

कातडी कृत्रिम दिव्याखाली तांबूस करून देणारी दुकानं इथं गल्लोगल्ली होती. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर ही तरुणी 2007 मध्ये वयाच्या 26 व्या वर्षी मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगानं गेली. जाण्याआधी तिनं या दिव्यांविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला होता. 2015 पासून राज्यांनी ही दुकानं बंद केली.

सनस्क्रीनचा खरंच उपयोग होतो का, याचंही उत्तर याच देशातून आलं. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर गावात 1992 मध्ये 1,621 लोकांचा अभ्यास सुरू झाला. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, अर्ध्यांना मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळलं. पुढे त्यांच्यात मेलानोमाही निम्मा निघाला आणि कातडी सुरकुतण्याचा वेगही मंदावलेला दिसला.

आता आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट. डिसेंबरात नातवंडांसाठी महाराष्ट्रातून येणारे आजी-आजोबा दुपारी एकला उघड्या डोक्यानं बागेत जाऊन बसतात. वीस-बावीस अंशांची हवा, गार वारा, म्हणजे ऊन नाहीच, असं त्यांना वाटतं. पण त्याच वेळी हवामान खात्याच्या पानावर अतिनील निर्देशांक 11 असतो. तापमान आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णता अंगाला कळते, अतिनील किरणं कळत नाहीत. ती किती आहेत हे ठरतं मुख्यतः सूर्य आकाशात किती उंच आहे यावरून. म्हणून इथं लोक ऊन ‘किती तापलंय’ हे न बघता निर्देशांक बघतात. तो 3 किंवा जास्त असेल, तर कातडी झाकायची.

हे गणित धाराशिवला लावून बघा. आपला जिल्हा साधारण 18 अंश अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. जुलै संपता संपता तो पुन्हा डोक्यावर येतो. मेमध्ये आपण निदान उन्हाला भिऊन असतो. जुलैअखेरीस मात्र गार वारं सुटलेलं, आभाळ अधूनमधून उघडणारं, आणि बाया सोयाबीनच्या खुरपणीला दिवसभर वाकलेल्या. विरळ ढगांतून बरीचशी अतिनील किरणं खाली उतरतात. त्यामुळे चटका बसत नसला तरी मान, कान आणि हातांची पाठ भाजत राहते. शिवाय बालाघाटच्या पठारावर उंचीमुळे या किरणांची थोडी भरच पडते.

मग आपल्यालाही ऑस्ट्रेलियनांइतकं घाबरायला हवं का? नाही, आणि हे इथले तज्ज्ञही सांगतात. 2024 मध्ये इथल्या वैद्यकीय संस्थांनी मिळून नवी शिफारस काढली. तिच्यात कातडीच्या रंगानुसार लोकांचे गट पाडले आहेत. गडद वर्णाच्या लोकांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका फार कमी असतो आणि ड जीवनसत्त्वासाठी त्यांना ऊन जास्त लागतं. म्हणून त्यांनी रोज सनस्क्रीन लावण्याची गरज नाही. बराच वेळ उन्हात राहायचं असेल तेव्हा मात्र जपावं. कोवळं ऊन अंगावर घेऊ नका, असं म्हणणं आपल्यासाठी चुकीचं ठरेल.

पण आपली माणसं उन्हात थोडा वेळ नसतात, आयुष्यभर असतात. त्याचा हिशोब वेगळा निघतो. गालांवर काळसर वांग येतात आणि प्रत्येक उन्हाळ्यात ते गडद होतात. खालचा ओठ कायमचा फुटलेला, खरखरीत राहतो. डोळ्याच्या कडेनं बुबुळावर मांसल पडदा चढतो आणि मोतीबिंदूलाही हातभार लागतो. कोड असलेल्या जागी रंगद्रव्यच नसतं, तिथं सावळ्या माणसाचीही कातडी गोऱ्यासारखी भाजते. ल्यूपससारखा आजार असेल किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल, तर थोडं ऊनही बाधतं. आणि गाजर गवत! बांधाबांधावर माजलेल्या या गवताचे कण हवेतून चेहऱ्यावर, मानेवर बसतात, खाज सुटते आणि उन्हात ती चिघळते. कातडी जाड होऊन भेगाळते. घरचे म्हणतात, ऊन लागलं. अशा माणसाला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं नुकसान वेगळ्याच बाजूनं होतं. इथले लोक रंग यावा म्हणून उन्हात पडत, आपल्याकडे रंग जाऊ नये म्हणून उन्हाला भितात. दोन्हीकडे उन्हाचा विचार रंगापाशीच अडला. इथं तो आरोग्यावर आणला गेला. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून गोरं होण्यासाठी म्हणून स्टिरॉइड मिसळलेली मलमं आजही पोरी घेऊन जातात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याची अधिसूचना काढली, तरी हे थांबलेलं नाही. या मलमांनी कातडी पातळ होते, लाल पडते, आणि मग साधं ऊनही सोसत नाही. ज्या मुलीला उन्हापासून वाचायचं आहे, तिची उन्हाशी झुंजण्याची ताकदच ही मलमं काढून घेतात. घरात अशी ट्यूब असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण एकदम बंद केली तरी त्रास वाढतो.

कातडीला उन्हासाठी तयार करण्याचं खरं साधन आपल्याकडे कपाटातच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं 1996 मध्ये कापड किती किरणं अडवतं याचं प्रमाण ठरवलं. त्यातून सिद्ध झालेल्या गोष्टी आपल्या शेतकरी बायांना आधीपासून ठाऊक आहेत. घट्ट विणीचं, गडद रंगाचं, सैल आणि कोरडं कापड सगळ्यात चांगलं. विरळ, ताणलेलं आणि घामानं भिजलेलं पांढरं कापड सगळ्यात कमी अडवतं. साडीवर चढवलेला पूर्ण बाह्यांचा पुरुषी सदरा आणि डोक्यावरून कान झाकत बांधलेला रुमाल हा पोशाख इथल्या कुठल्याही तज्ज्ञाच्या कसोटीला उतरेल. ऊसतोडीला गेलेली आपली माणसं तो रोज घालतात. गांधी टोपीला काठ नसतो, म्हणून तिच्याखाली उपरणं घेऊन मान आणि कान झाकावेत. मुंडासं असेल तर त्याचा शेमला मानेवर सोडावा.

सनस्क्रीन लागेल ती कापडानं न झाकलेल्या भागाला. वांग असलेल्यांनी, कोड असलेल्यांनी आणि दिवसभर रानात असणाऱ्यांनी ती वापरावी. एसपीएफ 30 किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेली, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं. चेहरा, कान आणि मान यांना मिळून एक चमचा लागते. बोटभर लावून तिचा पूर्ण गुण येत नाही. घाम पुसला की आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावी. वांग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेली, कातडीच्या रंगाची सनस्क्रीन बरी, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतात.

पण पावसावर शेती करणाऱ्या घराला दर दोन तासांनी चमचाभर क्रीम परवडत नाही, आणि ऑस्ट्रेलियाचा धडाही एकट्यानं क्रीम लावण्याचा नाही. तो धडा असा की उन्हापासूनचं संरक्षण शाळेनं, मालकानं आणि सरकारनं वाटून घ्यायचं असतं. यासाठी परदेशाकडेच बघायला हवं असंही नाही. केरळच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2025 मध्ये रोजचा अतिनील निर्देशांक जाहीर करायला सुरुवात केली. तिथलं कामगार खातं उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायला लावतं. आपल्या रोजगार हमीच्या कामावरही सावली, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, हे 2005 च्या केंद्रीय कायद्यानं घालून दिलं होतं. योजनेचं नाव आणि नियम बदलले, तरी ती सावली सुटता कामा नये.

धाराशिव हा वनक्षेत्र अगदी कमी असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. सावली आपोआप मिळेल अशी इथं स्थिती नाही, ती उभी करावी लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानाला एका बाजूनं लिंब आणि चिंच, तोवर हिरव्या शेडनेटचा मांडव. येरमाळ्याच्या चैत्री यात्रेच्या वाटेवर आणि तुळजापूरच्या रांगेत पुरेसं छत. बाजारात जमिनीवर भाजी मांडून बसणाऱ्या बायांच्या डोक्यावर ताडपत्री. खुरपणीची आणि काढणीची वेळ सकाळी लवकर आणि चारनंतर, मजुरीला कात्री न लावता. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे. ऊन तापण्याआधीची ती शेवटची नेमाची सभा, पुढची 1 मेला, म्हणजे निम्मा उन्हाळा उलटल्यावर. या सभेत तुमच्या गावानं दोन ठराव घ्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिला, उन्हाळा लागण्याआधी शाळेच्या मैदानावर आणि कामाच्या जागेवर सावली उभी करण्याचा. दुसरा, मार्च ते मे दुपारी बारा ते तीन गावातल्या कुणालाही उघड्यावर राबवून न घेण्याचा. सरपंचांना आधी भेटा, विषय कार्यक्रमपत्रिकेवर लेखी घालून घ्या, आणि ज्या बाया दिवसभर उन्हात असतात त्यांना सभेत पहिल्यांदा बोलू द्या.