नाव एक, जिन्नस तीन!
देशी दवांची जागतिक मोजदाद आणि आपला व्यापार

काष्ठौषधींच्या दुकानात 'काळे जिरे' मागणारी तीन गिऱ्हाइके आली तर तिघांना तीन निरनिराळे जिन्नस हवे असू शकतात. एकाला कलौंजी, दुसऱ्याला बिर्याणीत घालायचे शहाजिरे, तिसऱ्याला जंतांवर द्यायचे कडू जिरे. मुरलेला अत्तार दोन प्रश्न विचारतो आणि योग्य ती पुडी बांधतो. पण हाच प्रश्न छापील कागदावर अनेक भाषांत आणि अनेक देशांत विचारला गेला तर? इंग्रजीत 'ब्लॅक क्युमिन' हे नाव कलौंजी आणि शहाजिरे या दोन्हींना लावतात. अरबीत हब्बतुस्सौदा म्हटले की कलौंजीच समजायची. अशा उत्तरांची बेरीज बिनचूक येईल, पण ती नेमकी कोणत्या मालाची असेल?

देशी दवांची अशी मोजदाद जगात होत असते आणि तिच्या आधाराने कायदे बनतात, म्हणून आपल्या व्यापारी बांधवांनी तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आपल्या सदस्य देशांना प्रश्नावली पाठवते. तुमच्याकडे देशी औषधांबाबत धोरण आहे काय, कायदा आहे काय, कोणत्या पद्धती चालतात, असे ते प्रश्न असतात. उत्तर सरकार देते. हकीमसाहेबांना किंवा दुकानदाराला कोणी विचारत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १७० देशांनी अशा औषधांचा वापर मान्य केला. आयुर्वेदाचा वापर ९३ देशांनी कळवला आणि यूनानीचा ८२ देशांनी. ८२ हा आकडा पाहून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

त्याच अहवालातला दुसरा आकडा धंद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. वनौषधींवर नियम असलेले देश १९९९ मध्ये ६५ होते, ते २०१८ पर्यंत १२४ झाले. म्हणजे वीस वर्षांच्या आत जवळजवळ दुप्पट बाजारपेठांच्या दारावर तपासनीस उभा राहिला. या देशांची सर्वांत मोठी तक्रार कोणती? ९९ देशांनी सांगितले की, संशोधनाची माहितीच नाही.

आता माहिती गोळा करायची तर आधी शब्द जुळले पाहिजेत. यूनानी तिब्ब आपल्याकडे 'पारंपरिक' आहे. लंडनमध्ये तीच 'पूरक' ठरते. संघटना म्हणूनच 'पारंपरिक व पूरक' असा जोडशब्द वापरते. तिच्या अधिकृत भाषा सहा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश. उर्दू, फारसी, हिंदी त्यांत नाहीत. शिवाय अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने वनस्पतींच्या पुष्कळ गोळ्या 'आहारपूरक' म्हणून विकता येतात, तर युरोपात तीच बाटली 'औषध' ठरू शकते. बाटली एक, आणि नोंद दोन वेगळ्या रकान्यांत! अनुवादकाला दोष देऊन येथे भागत नाही. प्रश्न लिहिणाऱ्यालाच धंदा ठाऊक असावा लागतो.

नावाचा घोळ जिवावर कसा बेततो हे बेल्जियममध्ये दिसले. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अशा रोग्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. 'हान फांगजी'च्या जागी 'ग्वांग फांगजी' आली होती. पहिली स्टेफानिया, दुसरी अरिस्टोलोकिया. नावात एका शब्दाचा फरक, वनस्पती मात्र पूर्ण वेगळ्या. २००२ मध्ये अरिस्टोलोकियाच्या औषधांची गणना कर्करोगकारक पदार्थांत झाली. आपल्या यूनानी नुस्ख्यांतील झरावंद याच वंशातली आहे, हे विक्रेत्यांनी विसरू नये.

यूनानीची बाजू अलीकडे थोडी सावरली आहे. यूनानीच्या संज्ञांचा प्रमाण संग्रह जागतिक संघटनेने प्रसिद्ध केला. २०२५ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आयुर्वेद व सिद्धाबरोबर यूनानीच्या निदानांनाही जागा मिळाली. चिनी पद्धतीला ती आधीच मिळालेली होती. आता यूनानी निदान ठरलेल्या संकेताने नोंदवता येईल आणि ते दुसऱ्या देशातही त्याच अर्थाने वाचले जाईल.

आपल्या देशातही मोजदाद झाली. जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीत १,८१,२९८ कुटुंबांना आयुषबद्दल विचारले गेले. मागच्या वर्षभरात या उपचारांचा वापर केल्याचे खेड्यांत ४६ टक्के व शहरांत ५३ टक्के लोकांबाबत आढळले. आकडे लहान नाहीत. परंतु जो माणूस अत्ताराकडून जोशांदा नेतो, तो 'मी यूनानी उपचार घेतला' असे म्हणेल काय? बहुतेक वेळा तो म्हणेल, 'छे, साधा काढा घेतला.' पाहणीवाला दारात आला की लोक घाईने हात झटकतात. तसे करू नये. जे घरात चालते ते नावानिशी सांगावे.

व्यापाऱ्याच्या हातात याहून पक्की गोष्ट आहे, ती म्हणजे कागद. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार पारंपरिक वनौषधीची सोप्या पद्धतीने नोंदणी हवी असेल तर तीस वर्षांच्या वापराचा पुरावा लागतो आणि त्यातली साधारणपणे पंधरा वर्षे युरोपातली असावी लागतात. ३० एप्रिल २०११ पासून हा नियम पूर्णपणे लागू आहे. वाडवडिलांच्या काळचे निर्यातीचे चलन, दरपत्रक, जुनी लेबले ही अशा वेळी उपयोगी पडू शकतात. आणि आपण ती दिवाळखोराच्या वह्यांसारखी रद्दीत घालतो. नव्या बिलावर बाजारी नावाशेजारी वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि कोणता भाग, मूळ की बी, एवढे लिहायला शाई फार लागत नाही. कलौंजीच्या पोत्यावर 'निगेला सटायव्हा, बी' असे लिहिलेले असले तर दुबईचा आडत्या, हॅम्बुर्गचा तपासनीस आणि मस्जिद बंदरचा हमाल एकाच मालाबद्दल बोलतील.