संगणक बदलण्यापूर्वी जुना बॅकअप उघडून पाहा

व्यापारात लिखापढीला किती महत्त्व आहे, हे मुस्लिम व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा स्पष्ट आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि कुरआनमधील सर्वात मोठी आयत तीच आहे. पूर्वी हे लिखाण वहीत होत असे, आता ते संगणकात होते. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. वही तीस वर्षांनी उघडली तरी वाचता येते. संगणकातला जुना हिशेब डिस्कवर शाबूत असूनही वाचता येईलच असे नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे अनेक दुकानांत आणि कारखान्यांत संगणक बदलले जात आहेत किंवा त्यांत विंडोज ११ घातले जात आहे. अशा वेळी "बॅकअप घेतलेला आहे, काळजी नाही" असे मालक म्हणतो. खरी काळजी तेथूनच सुरू होते.

बॅकअप आणि नक्कल यांत फरक

फाइल जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर ठेवली तर ती नक्कल झाली. बॅकअपचा प्रोग्रॅम बहुधा तसे करत नाही. तो हजारो फाइली दाबून एकाच मोठ्या गठ्ठ्यात बांधतो. गाठ कशी मारली हे त्या प्रोग्रॅमलाच ठाऊक असते. नव्या विंडोजमध्ये तो प्रोग्रॅम नसेल, तर गठ्ठा हातात असून आतला माल मिळत नाही.

असे यापूर्वी घडले आहे. विंडोज ९८ मधील बॅकअप प्रोग्रॅम 'क्यूआयसी' नावाच्या फाइली बनवत असे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा बॅकअप प्रोग्रॅम त्या उघडू शकत नव्हता. एक्सपीमधील 'एनटी बॅकअप' हा प्रोग्रॅम 'बीकेएफ' फाइली बनवत असे. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा तो प्रोग्रॅमच काढून टाकण्यात आला आणि नव्या प्रोग्रॅमला बीकेएफ वाचता येईना. पुढे मायक्रोसॉफ्टने व्हिस्टासाठी एक आणि विंडोज ७ साठी दुसरे, अशी फक्त बॅकअप उघडणारी साधने वेगळी दिली. ज्यांना हे कळले त्यांचा हिशेब परत मिळाला. ज्यांना कळले नाही त्यांनी बॅकअप खराब झाला असे समजून तो टाकून दिला.

दुसरी अडचण जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमांची आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर डॉसच्या काळातील १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. कोणी स्थानिक जाणकाराकडून डॉसवर हिशेबाचा प्रोग्रॅम बनवून घेतला असेल आणि तो जुन्या ३२ बिटच्या विंडोजवर आजवर चालत असेल, तर तो नव्या संगणकावर थेट सुरू होणार नाही.

नुकसान कोणते?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अधिकाऱ्याने नोटीस काढली तर "संगणक बदलला" हे उत्तर चालत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांचे हक्क. कारागिराची राहिलेली मजुरी, भागीदाराचा हिस्सा, गिऱ्हाईकाने दिलेली आगाऊ रक्कम, आपण दुसऱ्याला द्यावयाचे कर्ज, हे सर्व त्या फाइलींत असते. जकात काढतानाही येणे-देणे किती आहे, हे पाहावे लागते. नोंद गेली म्हणून देणे माफ होत नाही.

बदलापूर्वी काय करावे?

१. जुना संगणक चालू असतानाच प्रत्येक बॅकअप त्यावर एकदा उघडून आतल्या फाइली बाहेर काढाव्यात आणि साध्या नकला म्हणून वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात.

२. दरवर्षीची खातेवही, रोजमेळ, येणे-देण्याची यादी आणि मालाचा साठा पीडीएफमध्ये व एक्सेलमध्ये उतरवून घ्यावा. मुख्य पानांची छापील प्रत फाइलला लावावी.

३. मराठी किंवा उर्दू नावे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर तो फॉन्टही जपावा. तो नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात.

४. हिशेबाच्या प्रोग्रॅमची मूळ सीडी, परवान्याचा क्रमांक आणि सर्व पासवर्ड एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी चावीही लिहावी.

५. नव्या संगणकावर दोन-चार जुनी बिले प्रत्यक्ष उघडून पाहावीत. तोपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये आणि त्याची डिस्क पुसू नये.

अडचण आधीच आली असेल तर

घाईने डिस्क फॉरमॅट करू नये. त्याच संगणकावर विंडोज १० वरून ११ केली असेल, तर साधारणपणे १० दिवसांपर्यंत मागे जाण्याची सोय असते. ती मुदत गेली असेल तर फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे पाहावीत, त्यावरून ती कोणत्या प्रोग्रॅमची आहे हे कळते. मग त्या काळचा एखादा चालू संगणक मिळवून त्यावर ती उघडावी, किंवा जाणकाराकडून नव्या संगणकातच जुनी विंडोज आभासी पद्धतीने चालवून घ्यावी. काम नेहमी नकलेवर करावे, मूळ बॅकअपला हात लावू नये.

या सर्वाला एक-दोन दिवस लागतील. दुकानातली वही ही केवळ मालकाची मिळकत नाही. तिच्यात इतरांचे पैसे लिहिलेले आहेत, म्हणून ती अमानत आहे. संगणक हवा तेव्हा बदलावा, परंतु अमानत जपून पुढे न्यावी.