अंगावरून वारे गेल्यावर

मी भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे रूढ शब्दात फिजिओथेरपिस्ट आहे, असे सांगितले की बहुधा पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे मालिश आणि शेक ना?" माजी विद्यार्थिनी म्हणून आपल्या अंकात लिहिण्याची संधी मिळाली, तेव्हा निदान या प्रश्नाचे उत्तर द्यावे असे वाटले.

आमच्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. पहिले हाडासांध्यांचे. मोडलेल्या मनगटाचे प्लास्टर काढले की हात ताठ झालेला असतो. मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोहोचतो. पण सांधा आखडलेला आणि स्नायू रोडावलेले, म्हणून तो पाळता येत नाही. तेथे सांधा मोकळा करून स्नायूंना बळ आणावे लागते.

दुसरे अर्धांगवायूचे. लोक म्हणतात, 'अंगावरून वारे गेले.' येथे प्रकार उलटा असतो. हातपाय शाबूत असतात, बिघाड मेंदूत असतो. तेथील रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की पेशी मरतात. हुकूम नेणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते. मग हाताला कितीही तेल चोळले, तरी हुकूम कसा निघावा?

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु मेंदूचे शाबूत भाग त्यांचे काम काही प्रमाणात शिकून घेऊ शकतात. त्यासाठी रुग्णाने ती हालचाल स्वतः आणि पुनःपुन्हा करावी लागते. एकदा ऐकून पाढे पाठ होत नाहीत, तसेच हे आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत अधिक असतो. पुढेही ती होऊ शकते.

अमेरिकेत 222 रुग्णांवर केलेला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. झटका येऊन 3 ते 9 महिने झालेले आणि मनगटात व बोटांत थोडी तरी हालचाल उरलेले असे हे रुग्ण होते. त्यांतील काहींच्या चांगल्या हातावर दोन आठवडे हातमोजा चढवून दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला, आणि वर्षानंतरही तो फरक टिकून होता.

हे सारे मला पाठ होते. तरीही आमच्या अप्पांचे उजवे अंग गेले, तेव्हा त्यांच्या हातून सांडणारा भात मला पाहवेना. मी घास भरवू लागले. एके रात्री त्यांनी तोंड फिरवले आणि अडखळत म्हणाले, "दवाखान्यात पेशंटला असंच भरवतीस काय गं?"

दुसऱ्या दिवशी चमच्याच्या दांड्याला फडके गुंडाळून तो जाड केला आणि त्यांच्या हाती दिला. अर्धा भात मांडीवर सांडला. आई रागावली, मी गप्प बसले. चार महिन्यांनी अप्पांनी आपल्या हाताने आमटीभात कालवला. सही मात्र पूर्वीसारखी कधीच जमली नाही. सगळे परत येते, असे आश्वासन आम्ही कोणालाच देऊ शकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर झाडपाल्यात वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि त्याला जे करता येते, ते तुम्ही करून देऊ नका.

'सावकाश' हा शब्द आपल्या भागात मराठीत चालतो आणि कानडीतही. दिवसातून कितीतरी वेळा तो माझ्या तोंडी येतो. रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांनाच तो अधिक वेळा सांगावा लागतो.