सव्वीस आट्यांची सायकल

सकाळी ९. शटर वर करतोय तोच तात्यापाऱ्यातले एक काका जुनी रॅले ढकलत हजर. नॉटिंगहॅमची, कॉटरवाल्या क्रँकची. क्रँक धरून हलवला, तर बीबीत, म्हणजे बॉटम ब्रॅकेटमध्ये, चांगलाच खेळ. काकांनी पिशवीतून नवी सीलबंद बीबी काढली. "हीच टाक बाबा, परत बघायला नको."

"काका, हिच्या एक्सलची टोकं चौकोनी. तुमच्या क्रँकला गोल एक्सल आणि कॉटर लागतो. शिवाय रॅलेचे आटे इंचाला २६, हिचे २४. जोर केला तर शेलच जाईल."

काका गप्प. बिल जपून ठेवलं होतं, हे बरं.

१० ते ११. पंक्चर, पंक्चर, एक ब्रेक.

११. कॉटर. नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करून तिथेच ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकखाली जाड पाइपाचा टेकू. नाहीतर घाव थेट छर्र्यांवर बसतो. मग एकच सणसणीत. भीत भीत ठोकत बसलं की कॉटर वाकतो आणि ड्रिल काढावं लागतं.

१२. डावी वाटी निघाली. आत काळा चिखल, एक्सलच्या कोनावर खड्डे. उजवीचे आटे उलटे, ती घड्याळाच्या दिशेने सुटते. हे न कळून लोक तिलाच आणखी आवळत बसतात. बॅटरी मारून पाहिली, आतून गुळगुळीत. काढलीच नाही. २६ आट्यांची वाटी धड असेल, तर तिला हात लावू नये, असं माझं मत.

१:३०. बासी भात, कांदा, मिरची. रायपूरच्या मेमध्ये दुपारी पान्यालाही हात लावता येत नाही.

४. जुन्या एक्सलांच्या डब्यातून जोडीचा सापडला. लांबी आणि दोन कोनांमधलं अंतर, दोन्ही व्हर्नियरने जुळवलं. ग्रीस, एकेका बाजूला पाव इंची ११ छर्रे. छर्रे नवेच घालायचे, इथे काटकसर नको. लॉकरिंग आवळताना वाटी थोडी फिरतेच, म्हणून ती आधी किंचित सैल ठेवली. तिसऱ्यांदा जमलं: खेळ नाही, अडकणं नाही.

५:३०. कॉटरची सपाट बाजू कानशीने घासली. दोन्ही कॉटर उलटसुलट घालायचे, तरच क्रँक एका रेषेत येतात.

६:३०. बुढा तालाबपर्यंत चक्कर. आवाज बंद. परत येऊन नट पुन्हा आवळला, थोडा फिरलाच. काकांना सांगितलं, आठवड्याने परत आणा. सैल कॉटर क्रँकचं भोक खातो.

तुमच्याकडेही जुनी रॅले असेल, तर बीबी विकत आणण्याआधी आटे मोजून घ्या.