कोमेजण्यापूर्वीची सूचना

रब्बी ज्वारी हे मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढणारे पीक होय. सोलापूर जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत पेरणीनंतर पुष्कळदा समाधानकारक पाऊस होत नाही. अशा वेळी पाण्याच्या टंचाईची जाणीव पिकास पाने कोमेजण्यापूर्वीच होते.

माती सुकू लागली की तिचे कण उरलेले पाणी अधिक घट्ट धरून ठेवतात व मुळांना ते शोषून घेणे कठीण जाते. या ताणाची वार्ता मुळांकडून पानांकडे पोहोचते. मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीत, मुळांतून पानांकडे अशी वार्ता नेणारा प्रथिनाचा सूक्ष्म अंश जपानी शास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवून दिला. त्यायोगे पानांत अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते. त्याच्या प्रभावाने पर्णरंध्रांभोवतीच्या रक्षक पेशींतील क्षार व पाणी बाहेर पडते, पेशी सैल होतात आणि रंध्रे मिटतात. ताण वाढल्यास ज्वारीची पाने गुंडाळूही लागतात.

या बचतीची किंमत मात्र पिकास मोजावी लागते. रंध्रे मिटल्याने कर्बवायू आत येत नाही व अन्ननिर्मिती मंदावते. पोटरी, फुलोरा वा दाणे भरण्याच्या अवस्थेत असे घडल्यास उत्पादन घटते. म्हणून संरक्षित पाणी पाने सुकण्याची वाट न पाहता पिकाच्या अवस्थेनुसार द्यावे. जेथे पाण्याची सोय नाही, तेथे वेळेवर कोळपणी करून भेगा बुजविणे, हाच ओल टिकविण्याचा सुलभ उपाय होय.