स्वभावाला औषध असतं का?



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं ग्रंथींवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमच्या विषयाचा ग्रंथींशी जुना संबंध आहे. देकार्तनं १६४९ साली मेंदूतल्या पिनिअल नावाच्या लहानशा ग्रंथीला आत्म्याचं मुख्य स्थान ठरवून टाकलं होतं. तिथे आत्मा काही सापडला नाही. १९५८ साली सापडलं ते मेलॅटोनिन, झोपेचं वेळापत्रक सांभाळणारं द्रव्य. देकार्तचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. शरीर आणि मन यांची गाठ पडते कुठे? आज मी त्यासाठी एकच उदाहरण घेणार आहे, थायरॉइडचं. ते का घेतलं, हे पुढे सांगतो.

आधी थोडी मांडणी. घामाच्या किंवा लाळेच्या ग्रंथीला नळी असते. अंतःस्रावी ग्रंथीला नळी नसते, ती आपला स्राव थेट रक्तात सोडते. हा स्राव म्हणजे संप्रेरक, हार्मोन. हा शब्द १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं रूढ केला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चालना देणे. आता रक्त तर सगळीकडे जातं, मग निरोप योग्य जागी पोचतो कसा? रेडिओ आठवा. लहरी सगळ्या घरांवरून जातात, पण ज्यानं ते केंद्र लावलंय त्यालाच गाणं ऐकू येतं. तसंच, ज्या पेशीत त्या संप्रेरकाला ओळखणारा रेणू असतो, तीच पेशी निरोप घेते.

थायरॉइड गळ्याच्या पुढच्या बाजूला असते, फुलपाखरासारखी. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. आहारातलं आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन बनवते. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून टी-फोर. पेशींनी किती वेगानं काम करायचं, उष्णता किती निर्माण करायची, हृदयानं किती घाई करायची, हे बरंचसं त्यावर ठरतं.

मग थायरॉइडवर लक्ष कोण ठेवतं? मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट बघा. पाणी उतरलं की नळ उघडतो, भरलं की बंद होतो. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पियुषिका टीएसएच जास्त सोडते. टीएसएच म्हणजे 'अगं, काम कर' अशी थायरॉइडला मारलेली हाक. थायरॉक्सिन पुरेसं झालं की हाक आपोआप मंदावते.

इथे घरोघरी एक गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला दिसतो आणि लोक म्हणतात, 'थायरॉइड वाढलंय.' बहुतेक वेळा अर्थ नेमका उलटा असतो. ग्रंथी थकली आहे, म्हणून हाक मोठी झाली आहे. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली याचं वर्णन केलं. उलट प्रकारही असतो. ग्रंथी भरमसाट काम करते, तेव्हा टीएसएच खाली जातो, वजन उतरतं, छातीत धडधडतं, हात थरथरतात.

आता माझी गोष्ट. पंचेचाळिशीच्या सुमारास आमची ही बदलली. संध्याकाळी सातलाच डोळे मिटायचे. मे महिन्यात अंगावर शाल. आवाज घोगरा झाला, म्हणून रियाज सुटला. डॉक्टर म्हणाले, 'या वयात होतंच.' मी तेव्हा कॉलेजात कांटचं नीतिशास्त्र शिकवत होतो. घरी येऊन तिला इच्छाशक्तीवर व्याख्यानं दिली. दोन वर्षं दिली. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. टीएसएच नेहमीच्या मर्यादेच्या, म्हणजे साधारण चारच्या, कितीतरी पट वर होता. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत तानपुरा पुन्हा खाली उतरला. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

जे एका घरात झालं, ते पूर्वी गावंच्या गावं भोगत होती. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत आयोडीन कमी, म्हणून गळ्याला गलगंड आणि काही मुलांची बुद्धी जन्मापासून खुंटलेली. लोक त्याला दैव म्हणत. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड कमी झाला. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं किती? १५० मायक्रोग्रॅम, चिमटीतही दिसणार नाही इतकं. नवजात बाळात ही उणीव असेल, तर टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून कळते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर मेंदूचं बहुतेक नुकसान टळतं.

मग सगळा स्वभाव ग्रंथींचाच का? नाही. प्रत्येक आळस थायरॉइडचा नसतो. वाढलेल्या सगळ्या वजनाचं खापरही तिच्यावर फोडता येत नाही, तिच्यामुळे वाढणारं वजन सहसा थोडंच असतं. मधुमेह बघा. इन्सुलिन कमी पडणं किंवा पेशींनी त्याला दाद न देणं, हा शरीराचा भाग. पण ताटात काय घ्यायचं, चालायला जायचं की नाही, हे अजूनही आपल्याला विचारलं जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एखादं माणूस महिनोन् महिने बदललेलं दिसलं, तर उपदेशाआधी रक्ताची तपासणी करून घ्या. गोळी लागली, तर सकाळी अनशापोटी घ्या, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवा. मात्रा बदलली की सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा, त्याआधी टीएसएच स्थिरावत नाही. आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका.

आमच्याकडे ही सकाळी गोळी घेते आणि तेवढा वेळ चहा मी थांबवतो.